चितारआळीतले दशावतार

माउली, आपण संतांची नावे घेतो ती त्यांच्या धंद्यासकट घेतो, हे कधी तुमच्या लक्षात आले आहे का? गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. दिंडीत चालताना, भजनाला बसताना ही नावे आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्यातले दुसरे पद कानावर पडूनही ऐकू येत नाही. कोणी म्हणेल, ती जात सांगितली आहे. असेलही. पण जात कळली तरी हात कुठे कळतात? तेरच्या गोरोबांचे हात चिखलात होते, अरणच्या सावतोबांचे वाफ्यात होते आणि पंढरपुरात नरहरींच्या हातात फुंकणी होती. यातला एकही धंदा घराबाहेर जाऊन करायचा नव्हता. अंगण, ओसरी, परसू हेच दुकान आणि हाच कारखाना.

नरहरी सोनारांची कथा तुम्ही कीर्तनात शंभर वेळा ऐकली असेल. आज ती मी जरा वेगळ्या बाजूने सांगतो. एका सावकाराला विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करून हवा होता. नरहरी कडवे शिवभक्त, विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही असा त्यांचा नेम. सावकाराने माप आणून दिले, नरहरींनी दागिना घडवला, तो लांब झाला. दुरुस्त केला, तो आखूड झाला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला देवळात गेले. हात लावला तर जानवे-सर्प-गंगा, पट्टी काढली तर विठ्ठल. हरिहरांच्या ऐक्याची कथा म्हणून ती आपण सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या कथेत एक गिऱ्हाईक आहे, एक माप आहे, दोनदा परत आलेला माल आहे आणि तरी "चालेल तसे द्या" असे न म्हणणारा कारागीर आहे. देव भेटला तो त्या मापाच्या निमित्ताने. आणि सावकाराने सोने व मजुरी देऊन काम सांगितले नसते, तर नरहरींना देवळाची पायरी चढायचे कारणच पडले नसते!

हे गिऱ्हाईक आपण कथेतून नेहमी गाळतो. ते गाळले की काय होते, हे मला आमच्या कोकणातल्या एका गावावरून सांगायचे आहे.

गाव सावंतवाडी. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. पण भोसल्यांचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले ते रत्नागिरी जिल्ह्यात, आणि १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ते तिथेच होते. इंग्रजांनी १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड काढला तोही रत्नागिरी आणि सावंतवाडी मिळून एकच. म्हणून आम्हा रत्नागिरीच्या जुन्या माणसांना वाडी अजून परकी वाटत नाही. त्या काळच्या सरकारी नोंदींत या छोट्या संस्थानाच्या उद्योगांची यादी आहे. चामड्यावरचे आणि कापडावरचे भरतकाम, जरीने आणि भुंग्यांच्या चमकत्या पंखांनी सजवलेले वाळ्याचे पंखे व डबे, गव्याच्या शिंगातून कोरलेल्या शोभेच्या वस्तू, लाखेची खेळणी आणि खेळायचे पत्ते. वाचताना मला नवल वाटले ते याचे की यातल्या एकालाही कारखाना लागत नाही. हे सगळे ओटीवर बसून होणारे काम.

मोती तलावापासून जवळच चितारआळी आहे. चितारी म्हणजे चित्रे काढणारे, लाकूड रंगवणारे लोक. ते मूळचे गोवा-कारवारकडून आले असे सांगतात. लग्नातले पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे, समया ठेवायच्या घडवंच्या असे घरात लागणारे जे जे रंगीत, ते त्यांच्या हातचे. पुढे दुकान आणि मागे घर. पुढच्या फळीवर लाकडी आंबा, केळी, वांगी, भोपळे मांडलेले. आत एक जण लाकूड तासतोय, दुसरा घासतोय, कोणी अस्तर देतोय आणि घरातली बाई चूल सांभाळून वांग्याला देठाचा हिरवा रंग देते आहे. ही फळे इतकी हुबेहूब की चतुर्थीच्या माटवीला टांगली तर पाहुणा हात लावून पाहतो.

लाकूड बहुतेक पांगाऱ्याचे. तुम्ही घाटावरचे असाल तर सांगतो, पांगारा म्हणजे काटेरी सालीचे झाड. शिमग्याच्या आगेमागे पाने गळून अंगभर लाल फुलते. आम्ही ते कुंपणाला लावतो, मिरीचा वेल चढवायला लावतो. इमारतीला निरुपयोगी, जळणालाही फारसे नाही. पण हलके, मऊ आणि पोराच्या हातून पायावर पडले तरी न लागणारे. ज्याला सुतार विचारत नाही त्या झाडातून चिताऱ्याने आपला संसार उभा केला.

आता त्या पत्त्यांकडे येऊ. त्यांना म्हणतात गंजिफा. शब्द फारसी, खेळही तिकडून आलेला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या आपल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याचे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे, आणि अकबराच्या दरबारात बारा रंगांची, १४४ पानांची गंजिफा खेळत असल्याचे अबुल फजलने लिहिले आहे. म्हणजे खेळ बादशहांचा. पण पुढे तो खाली दक्षिणेत, ओरिसात, कोकणात उतरला आणि आपल्या लोकांनी त्याचे काय केले ते पाहा. मीर-वजीर काढून टाकले आणि तिथे विष्णूचे दहा अवतार बसवले! मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. सगळी मिळून १२०. पाने चौकोनी नव्हेत, गोल. तळहातात मावतील अशी. ठेवायला सरकत्या झाकणाची रंगीत लाकडी पेटी. सावंतवाडीला हा खेळ तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात, म्हणजे १७५५ ते १८०३ च्या दरम्यान आला असे सांगतात. धर्मशास्त्राची चर्चा करायला तेलंगणातून विद्वान आले होते, त्यांच्याबरोबर गंजिफा आली, राजाला आवडली आणि त्याने ती चिताऱ्यांना करायला सांगितली. पुन्हा तेच: कोणीतरी करायला सांगितली.

खेळाला तीन गडी लागतात. प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा खेळ असेल तर उतारी रामाची, रात्री असेल तर कृष्णाची. ज्याच्या हाती त्या अवताराचा राजा तो सुरुवात करतो. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. बायाबापड्यांनीसुद्धा तोंडपाठ केलेला हा हिशेब आज आपल्याला कागदावर लिहून घ्यावा लागेल.

तुमच्यातले काही जण इथे कपाळाला आठ्या घालतील. वारकऱ्याच्या मासिकात पत्त्यांचे काय काम? जुगाराने घरे बसतात हे आपण रोज पाहतो. मलाही हा प्रश्न पडला होता. मी त्या खेळाची बाजू घेत नाही. पैसे लावले की मत्स्यावतार असो की इस्पिकची राणी, गत एकच. पण मला त्या पानांच्या खेळणाऱ्यापेक्षा करणाऱ्याचा विचार जास्त येतो. एका रंगात एक ते दहा अशी पाने, म्हणजे पहिल्यावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असे करत दहाव्यावर दहा. बेरीज करा, पंचावन्न मासे होतात. मग पंचावन्न कासवे. परशुरामाचे पंचावन्न परशू. दहा रंगांची मिळून साडेपाचशे चिन्हे, आणि वर राजा-प्रधानांची वीस चित्रे. एका पेटीसाठी एवढे. छापा नाही, ठसा नाही. प्रत्येक मासा कुंचल्याने वेगळा. आपण माळेचे १०८ मणी ओढतो तेव्हा सत्तराव्या मण्याला मन कुठे असते, हे ज्याचे त्याला ठाऊक. चिताऱ्याचे मन चळले तर ते पानावर दिसते. चाळिसावा मासा वाकडा निघतो.

आणि हे रंगवण्याआधीचे काम वेगळेच. जुन्या कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, खडूचे अस्तर द्यायचे, गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि मग लाखेचा हात. चिंचोके कुटणे, शिजवणे, खळ गाळणे ही कामे पोरे आणि म्हातारी माणसे करतात. कोकणातल्या दमट पावसाळ्यात पान वाकू न देणे ही तर परीक्षाच.

असा हा उद्योग मरायला लागला तो कशाने? भक्ती कमी झाली म्हणून? नाही, माउली. अवतारांवरची श्रद्धा होती तिथेच होती. वाडीच्या दशावतारी नाटकांना तेव्हाही माणसे रात्र जागवीत होती. झाले एवढेच की छापखान्यातले बावन्न पत्ते आले. स्वस्त, हलके, भिजले तर फेकून नवे घ्यावेत असे. आपण इस्पिक, बदाम, किलवर, चौकट शिकलो आणि राम-कृष्णांची उतारी विसरलो. मग संस्थान गेले, त्याबरोबर दरबारचे काम गेले. पुढे प्लॅस्टिकची खेळणी आली, तेव्हा पांगाऱ्याचा आंबाही फळीवर धूळ खाऊ लागला. चितारआळीतली माणसे गणपती करू लागली, पाट्या रंगवू लागली आणि पुष्कळ जण मुंबईला गेले. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत किती माणूस गेला हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या-माझ्या घरातूनच गेला. चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी टाळ वाजवून त्याने भजनी मंडळे उभी केली, गावाला मनीऑर्डर पाठवली आणि घरचा धंदा मात्र घरच्या म्हाताऱ्यापाशी राहिला. म्हातारा गेला की संपला.

१९७० च्या सुमारास वाडीत गंजिफा करू शकणारा एकच माणूस उरला होता. पुंडलिक चितारी. वय झालेले, काम थांबलेले. वाडीचे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांना हे कळले तेव्हा त्यांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी त्या म्हाताऱ्याचा नुसता सत्कार करून शाल-श्रीफळ दिले नाही. त्याच्यापुढे बसून ते ती विद्या स्वतः शिकले. राजा-राणीने चिताऱ्याकडून खळ कशी लावायची हे शिकावे, यात मला तरी आपल्या काल्याच्या पंगतीची आठवण येते. मग राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच त्यांनी काम सुरू केले, गावातल्या मुला-मुलींना बसवले, शिकवले आणि कामाचे पैसे दिले. जिथे एकेकाळी मुजरे झडत होते तिथे मांडी घालून बसलेल्या बायका मासे आणि कासवे रंगवू लागल्या. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. काम चालू आहे. मधल्या काळात जगालाही या पानांची दखल घ्यावी लागली. रुडॉल्फ फॉन लायडन नावाच्या, मुंबईत आयुष्य काढलेल्या जर्मन संग्राहकाने हिंदुस्थानभरच्या गंजिफा गोळा केल्या होत्या, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले.

एक विद्या एका माणसाच्या दहा बोटांवर येऊन थांबली होती, हे वाक्य लिहिताना माझा हात थोडा थांबतो. पुंडलिक चितारी आणखी चार वर्षे आधी गेले असते तर? आपण पारायणे केली असती, दशावतारांची आरती म्हटली असती, आणि त्या अवतारांना पानावर उतरवणारा हात नाहीसा झाला हे आपल्या गावीही नसते.

म्हणून एक बोलतो, राग मानू नका. "काम हीच पूजा" हे आपण फार सहज म्हणतो, आणि कधी कधी ते दुसऱ्याच्या कामाचा मोबदला कमी देण्यासाठी म्हणतो. मी स्वतः हे केले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी नातीसाठी लाकडी फळांची परडी घ्यायला चितारआळीत गेलो होतो. किंमत ऐकली आणि सवयीने म्हणालो, "काहीतरी कमी करा हो, देवाधर्माचे काम तुमचे." दुकानातला मनुष्य माझ्यापेक्षा लहान, शांत. म्हणाला, "कमी करतो काका. पण कुठला हात कमी करू ते तुम्ही सांगा. अस्तराचा की घासायचा?" मी गप्प झालो. पूर्ण पैसे दिले हे खरे, पण ते लाजेने दिले. घरी येताना गाडीत मला नरहरी सोनार आठवले. तो सावकार, दोनदा माप चुकूनही, "तुम्ही भक्त आहात, मजुरी कशाला" असे म्हणाल्याचे कुठल्याही कीर्तनकाराने मला सांगितलेले नाही.

आज आपल्या जिल्ह्यात घरून धंदा करणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. कोणी आमसुले, आंबापोळी करते, कोणी काथ्याची पायपुसणी, कोणी तोरणे, कोणी देवाची वस्त्रे. बचतगटाच्या टेबलामागे उभ्या असतात. भाव विचारला की आधी आपल्याच मनात कचरतात आणि मग कमी सांगतात. साहित्याचा खर्च त्यांनी मोजलेला असतो. रात्री जेवणे आटोपल्यावर बसून घातलेले तास मोजलेले नसतात, कारण ते "घरातलेच". चितारआळीने हेच तास मोजले नाहीत तेव्हा पोरांनी गिरणीची वाट धरली. माझ्या ओळखीच्या एका बाईंना मी सांगितले, सुपारी ठेवून तास मोजा. काम करायला बसलात की डब्यात तासाला एक सुपारी. महिन्याने त्यांनी डबा ओतला आणि स्वतःच घाबरल्या! तोरणाचा भाव त्यांनी वाढवला. दोन गिऱ्हाइके तुटली, बाकीची राहिली.

गंजिफेचे मात्र अजून एक दुखणे आहे आणि ते मी लपवत नाही. पाने जगली, खेळ जगला असे म्हणता येणार नाही. हौशी माणसे पेटी विकत घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात, कोणी चौकटीत बसवून भिंतीला लावतात. हाताने केलेले, म्हणून महाग. महाग, म्हणून खेळायला काढवत नाही. खेळत नाही, म्हणून ते आणखी शोभेचे होते. कारागिराच्या पोटाला यातून मिळते, ते चांगलेच आहे. पण वस्तू वापरात असली की ती झिजते, हरवते आणि पुन्हा करायला सांगावी लागते. टाळाची दोरी तुटते म्हणून दोरी वळणारा जगतो. तुळशीची माळ झिजते म्हणून पंढरपुरात माळ ओवणाऱ्या घरांत चूल पेटते. काचेआडचे पान झिजत नाही.

आमच्या घरी गेल्या चतुर्थीला मी एक लहान पेटी आणली. पाने पाहताना नवव्या अवतारापाशी थांबलो. या जागेवरचा देव प्रांताप्रांतात बदलतो. ओरिसात तिथे जगन्नाथ येतो. आणि आपल्या महाराष्ट्रात जुन्या पंचांगांवरच्या दशावतारांत आणि काही देवळांतल्या चित्रांत बुद्धाच्या जागी कमरेवर हात ठेवून विठोबा उभा आहे. कोण्या चिताऱ्याने, कोण्या पाथरवटाने तो तिथे पहिल्यांदा उभा केला, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याने कोणाला विचारले नसावे. आपला देव यादीत हवा, एवढेच त्याला कळत होते.

भजन आटोपून वाडीतली माणसे घरी गेल्यावर नात, तिची आजी आणि मी असे तिघे माटवीखाली बसलो. पाने वाटताना आजी म्हणाली, हळू, कडा मोडतील. नात म्हणाली, मोडल्या तर अजून आणू. चाळीस-चाळीस पाने झाली. रात्र होती, म्हणून उतारी कृष्णाची. कृष्णाचा राजा कोणाकडे आहे, असे तिने विचारले, आणि आम्ही दोघे आपापल्या हातातली गोल पाने चष्म्याजवळ धरून शोधू लागलो.